व्यासपीठाविना संमेलन

संमेलन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते व्यासपीठ. त्यावरील खुर्च्यांचा क्रम, समई, हारतुरे, अध्यक्षीय भाषणाची छापील प्रत आणि समोर मांडवात श्रोत्यांच्या रांगा. बोलणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ. आणि ऐकणाऱ्याने येताना सोबत काही आणावे, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. साहित्यव्यवहाराची ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती निराळी असू शकेल हा विचारच मनात येत नाही. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या लहानमोठ्या संस्थांनी मोठ्या संमेलनाचाच साचा उचलला आहे. आमचे इंदूरही त्याला अपवाद नाही. २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन आमच्या शहरी भरले, तेव्हा आम्ही श्रोत्यांतच बसलो होतो, आणि त्या दिवसांची आठवण आजही सुखद आहे. प्रश्न सुखद आठवणीचा नाही. प्रश्न असा की, त्या मांडवातून घरी परतलेल्या हजारो माणसांपैकी कितींनी पुढे चार पाने लिहिली?

हा प्रश्न आम्हांस पडला तो एका अगदी दूरच्या निमित्ताने. आमचे एक स्नेही महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते. पंडित कवी हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. त्यांची कन्या नोकरीनिमित्त टोकियोत राहते. २०२४च्या डिसेंबरात स्नेही तिच्याकडे निघाले, तेव्हा सोबतीसाठी त्यांनी आम्हांसही आग्रह केला. तेथे वर्षाच्या अखेरीस २९ व ३० डिसेंबर असे दोन दिवस ‘कॉमिक मार्केट’ भरले होते. तिकडे त्याला संक्षेपाने ‘कॉमिकेट’ म्हणतात. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि ॲनिमे म्हणजे जपानी चलच्चित्रकथा. या दोहोंच्या आणि त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या खेळांच्या, कादंबऱ्यांच्या चाहत्यांचा हा मेळावा वर्षातून दोनदा, ऑगस्टात व डिसेंबरात, भरतो. कन्येने दोन्ही दिवस आम्हां दोघांस तेथे नेले, आणि दुभाष्याचे काम केले. प्रस्तुत लेख हे प्रवासवर्णन नव्हे. एका संमेलनाचे परीक्षण करावे, त्याच्या उजेडात आपले संमेलन पाहावे, एवढाच हेतू आहे.

प्रथम थोडा इतिहास. कॉमिकेट पहिल्यांदा भरले ते २१ डिसेंबर १९७५ रोजी, टोकियोच्या तोरानोमोन भागातील एका सभागृहात. त्या दिवशी बत्तीस मंडळांनी आपापल्या पुस्तिका मांडल्या आणि सुमारे सातशे माणसे आली. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. तेच कॉमिकेट २०१९च्या डिसेंबरात चार दिवस चालले आणि एकूण उपस्थिती साडेसात लाखांच्या घरात गेली. पुढे महासाथीमुळे २०२०च्या मे महिन्यातील मेळावा रद्द झाला. २०२१च्या अखेरीस दिवसाला पंचावन्न हजारांची मर्यादा घालून तो पुन्हा सुरू झाला. आम्ही गेलो त्या दोन दिवसांत सुमारे तीन लाख माणसे येऊन गेली.

संख्येपेक्षा उगम अधिक बोलका आहे. हा मेळावा सुरू करणारे तरुण व्यापारी नव्हते, प्रकाशकही नव्हते. ‘मेइक्यू’, म्हणजे भुलभुलैया, या नावाचे ते चित्रकथा-समीक्षकांचे एक छोटे मंडळ होते. योनेझावा योशिहिरो हे त्यांतील एक प्रमुख. त्या काळी चित्रकथाप्रेमींचे एक मोठे संमेलन भरत असे. त्या संमेलनावर टीका करणाऱ्या एका मुलीस १९७५ साली प्रवेश नाकारण्यात आला. मेइक्यूच्या मंडळींनी याचा निषेध केला, आणि तेवढ्यावर न थांबता त्याच वर्षी आपला स्वतंत्र मेळावा उभा केला. टीका करणाऱ्याला दार बंद झाले, म्हणून जेथे कोणालाही दार बंद नसेल असे घर त्यांनी बांधले. योनेझावा १९८० पासून २००६ साली निधन होईपर्यंत या मेळाव्याचे प्रमुख होते, आणि अखेरपर्यंत समीक्षकच राहिले. त्यांच्या संग्रहातून मेइजी विद्यापीठात २००९ साली त्यांच्या नावाचे ग्रंथालय सुरू झाले.

मराठी वाचकास हे वाचताना जोतीराव फुले आठवल्यावाचून राहणार नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ साली दुसरी भरली, आणि तिचे निमंत्रण नाकारणारे जोतीरावांचे पत्र त्याच वर्षीचे. आपल्या संमेलनाच्या जन्माबरोबरच त्यावरील सर्वांत मूलगामी टीकाही जन्मली, हे मराठी वाङ्मयाचे भाग्यच म्हटले पाहिजे. योगायोग असा की, विद्यार्थिदशेतील ओझाकी कोयो व त्याच्या मित्रांनी टोकियोत ‘गाराकुता बुन्को’ हे आपल्यापुरते नियतकालिक काढले तेही १८८५ सालीच. आरंभी ते हस्तलिखित होते आणि हातोहात फिरत असे. समान आवडीच्या माणसांनी मिळून काढलेले ते ‘दोजिन्शी’. ‘दोजिन’ या शब्दात भवभूतीच्या ‘समानधर्मा’ची छटा आहे. साहित्यिकांच्या त्या जुन्या प्रथेचा शब्द पुढे चित्रकथाप्रेमींनी उचलला, आणि आज कॉमिकेटात मांडली जाणारी प्रत्येक स्वप्रकाशित पुस्तिका दोजिन्शीच म्हणवते.

आपल्याकडे जोतीरावांच्या पत्राचा धागा पुढे गेला नाही असे नाही. दलित साहित्य संमेलने झाली, १९९९ साली धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले. त्यांनी व्यासपीठावर कोण बसावे, हा प्रश्न विचारला. तो विचारणे आवश्यकच होते. परंतु व्यासपीठ असावेच का, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा कोणी विचारला नाही. कॉमिकेटाने पन्नास वर्षांपूर्वी तो विचारला आणि त्याचे उत्तर कृतीने दिले.

ती कृती कशी आहे ते सांगतो. टोकियोच्या आरिआके भागात, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर, ‘टोकियो बिग साइट’ नावाचे विस्तीर्ण प्रदर्शनगृह आहे. उलटे पिरॅमिड खांबांवर तोलून धरावेत अशी त्याची दर्शनी इमारत. १९९६ पासून कॉमिकेट तेथे भरते. सकाळच्या बोचऱ्या थंडीत आम्ही रांगेत उभे राहिलो. आमचे अर्धे आयुष्य मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत गेले, आणि २०१६च्या उज्जैनच्या सिंहस्थात गर्दीच्या नियोजनाचे काम आमच्या वाट्यास आले होते. त्यामुळे गर्दी पाहिली की आमची नजर आपोआप अडसर, वळणे आणि बाहेर पडण्याच्या वाटा शोधू लागते. येथे गणवेशधारी बंदोबस्त नजरेत भरत नव्हता. रांगा हलवीत होते ते मेळाव्याचेच स्वयंसेवक, आणि ते सर्व बिनपगारी. रांगेतील शेवटच्या माणसाच्या हाती ‘रांगेचा शेवट येथे’ असा फलक दिला जातो. नवा माणूस मागे येऊन उभा राहिला की तो फलक आपण होऊन आपल्या हाती घेतो. एवढ्या साध्या युक्तीने हजारोंची रांग स्वतःची स्वतः चालत होती. सिंहस्थात आम्हांस हे सुचले असते, तर किती शिट्ट्या वाचल्या असत्या!

आत प्रवेश केल्यावर व्यासपीठ दिसत नाही. दिसतात ती टेबले, एका दालनात शेकडो, आणि अशी अनेक दालने. प्रत्येक मंडळास अर्धे टेबल मिळते, साधारण नव्वद सेंटिमीटर रुंदीचे. मंडळ म्हणजे कित्येकदा एकच व्यक्ती. अर्ज मागवितात, आणि जागेपेक्षा अर्ज अधिक आले की चिठ्ठ्या टाकून निवड होते. गुणवत्तेची परीक्षा घेणारी समिती नाही, कोणाची शिफारस चालत नाही. दोन दिवसांत मिळून वीस हजारांहून अधिक मंडळे तेथे बसली होती. प्रसिद्ध चित्रकाराचे टेबल आणि पहिल्यांदाच सोळा पाने शिवून आणलेल्या मुलीचे टेबल यांच्या मापात फरक नाही. ज्यांच्यापुढे लांब रांग लागते त्यांना भिंतीलगत बसवितात, तोही मानासाठी नव्हे, वाट मोकळी राहावी म्हणून.

या मेळाव्यात ‘ग्राहक’ हा शब्द वर्ज्य आहे. टेबलामागे बसणारे, रांगा सांभाळणारे आणि पुस्तिका विकत घेण्यास येणारे, या तिघांनाही एकच संज्ञा आहे: सहभागी. हा केवळ शब्दांचा खेळ असावा, असे आम्हांस प्रथम वाटले. शासकीय सेवेत असे गोड शब्द आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. परंतु तेथील व्यवहार त्या शब्दाला जागणारा होता. गोंधळ झाल्यास तक्रार करून मोकळे व्हावे, ही सोय सहभाग्याला नसते, कारण मेळावा त्याचाही आहे. वेशभूषा करून येणाऱ्यांनी घरापासून त्या वेशात यायचे नाही, तेथील कक्षात कपडे बदलायचे. छायाचित्र घेण्यापूर्वी संमती विचारायची. नियम पुष्कळ, पण ते पाळणारे स्वतःला पाहुणे समजत नाहीत. दारे उघडल्याची घोषणा होते तेव्हा सर्व दालनांत टाळ्या होतात, आणि दुपारी मेळावा संपल्याची घोषणा होते तेव्हाही होतात. या टाळ्या कोणा वक्त्यासाठी नसतात. सर्वांनी सर्वांसाठी वाजविलेल्या त्या टाळ्या आम्ही जन्मात पहिल्यांदाच ऐकल्या.

आमचे स्नेही मात्र पहिल्या दिवशी प्रसन्न नव्हते. दुपारी एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्यावर ते म्हणाले, “अहो, हा बाजार आहे. नावातच बाजार आहे. येथे कोणी वाचताना दिसते आहे का तुम्हांला? सगळे घेत सुटले आहेत.”

आक्षेप वजनदार होता. व्यापारी कंपन्यांसाठी तेथे निराळा विभाग आहे, आणि त्या विभागातील रांगा खरोखरच खरेदीच्या रांगा होत्या. परंतु टेबलांच्या दालनांतील हिशेब निराळा आहे. मेळाव्याच्या समितीने वेळोवेळी केलेल्या पाहण्यांतून असे दिसत आले आहे की, मंडळांपैकी मोठ्या भागाचा छपाईचा खर्चही निघत नाही. नफा होतो तो थोड्यांना. बाकीचे पदरचे घालून छापतात आणि पुढल्या खेपेस पुन्हा अर्ज करतात. ज्या बाजारात बहुतेक विक्रेते तोट्यात असूनही परत येतात, त्यास बाजार हा शब्द अपुरा पडतो. शिवाय विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तेथे तिसरा कोणी नसतो. मुलगी पुस्तिका पुढे करते, समोरचा उभ्याउभ्या चार पाने चाळतो. घेतली तर दोघेही वाकून आभार मानतात, आणि न घेता तो पुढे गेला तरी ते तिच्या देखतच घडते. आपल्या लिखाणाकडे वाचकाने फिरविलेली पाठ लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, याहून कठोर परीक्षा कोणती? आपल्या संमेलनांत ग्रंथप्रदर्शन असते, पण त्या दुकानात लेखक क्वचितच बसतो.

स्नेह्यांचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता. या पुस्तिकांपैकी पुष्कळशा उसन्या पात्रांवर उभ्या आहेत. लोकप्रिय चित्रकथेतील नायक घ्यावा, त्याला निराळ्या प्रसंगात घालावे, आणि ती पुस्तिका आपल्या नावाने विकावी. “यात निर्मिती कोठे आहे?” असे त्यांनी विचारले. “दुसऱ्याच्या अंगणातली फुले तोडून आपली परडी भरणे आहे हे.”

यावर आम्ही त्यांच्याच घरचा साक्षीदार काढला. मोरोपंतांनी एकशेआठ रामायणे रचिली असे आपण परंपरेने सांगत आलो. त्यांतील एकही पात्र पंतांचे नव्हते. मुक्तेश्वर, श्रीधर यांचेही तेच. आणि जुने काव्य सोडून आधुनिक काळाकडे यावे, तर मराठी माणसाच्या घरात सर्वाधिक वाचली गेलेली पुस्तके कोणती? खांडेकरांची ‘ययाति’, सावंतांची ‘मृत्युंजय’, देसायांची ‘राधेय’. ‘ययाति’ला तर ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. व्यासांच्या अंगणातील ही फुले आपण परकी मानली नाहीत. जपानी दिग्दर्शक युगो साको यांनी आपले राम मोहन यांना सोबत घेऊन रामकथेवर ॲनिमे चित्रपट केला. तो २०२५च्या जानेवारीत आपल्याकडील चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तेव्हा जपानी माणसाने उसनी पात्रे घेतली असे कोणी म्हटले नाही.

स्नेही क्षणभर थांबले आणि त्यांनी दिलेले उत्तर या लेखातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे, असे आम्ही समजतो. ते म्हणाले, “पंतांनी प्रत्येक रामायणाला नवी अडचण घालून घेतली. निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण येऊ द्यायचा नाही. कथा जुनी, पण जोखीम नवी. या मुलांनी कोणती जोखीम घेतली आहे, ते मला दाखवा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे हीच कसोटी हाती घेऊन फिरलो. कन्या मजकूर वाचून अर्थ सांगत होती. बरीच टेबले त्या कसोटीस उतरली नाहीत. गोंडस चेहरे, ओळखीचे हावभाव, मूळ कथेने जे सुख दिले तेच पुन्हा थोडे साखर वाढवून. या पुस्तिका मूळ कृतीची आरती करतात, तिच्याशी बोलत नाहीत. आरतीला भाव लागतो, जोखीम लागत नाही. त्यांची संख्या मोठी आहे हे नमूद करणे परीक्षकाचे कर्तव्य आहे.

परंतु एका टेबलापाशी स्नेही बराच वेळ थबकले. तिशीतील एक बाई एकटीच बसली होती. एका दीर्घ साहसकथेत नायकाची आई तीन-चार प्रसंगांतच येते, निरोप देते आणि पुन्हा दिसत नाही. या बाईने त्या आईवर वीस पानांची पुस्तिका केली होती. मुलगा युद्धावर असताना घरी काय चालते, एवढाच विषय. भांडी, वाळत घातलेले कपडे, शेजारणीचे बोलणे, आणि शेवटच्या पानावर मुलाच्या खोलीचे फक्त दार. नायक अख्ख्या पुस्तिकेत कोठे नाही. मूळ कथेने जे वगळले त्याचाच हिशेब तिने मागितला होता. स्नेही हळूच म्हणाले, “ही ऊर्मिला आहे.” आणि त्यांनी दोन प्रती घेतल्या. कन्येने हसून विचारले, “बाबा, दोन कशाला?” ते म्हणाले, “एक वर्गात दाखवायला,” आणि मग त्यांच्या लक्षात आले की आता वर्ग नाही.

या उसन्या पात्रांचा कायद्याशी संबंध कसा, हेही वाचकांनी जाणून घेण्याजोगे आहे. जपानात स्वामित्वहक्काच्या भंगाबद्दल कारवाई सामान्यतः हक्कधारकाच्या तक्रारीवरच होत आली आहे. प्रकाशक बहुधा तक्रार करीत नाहीत, कारण उद्याचे चित्रकार याच टेबलांवर घडतात हे ते जाणतात. ‘क्लॅम्प’ हा आज जगभर नाव असलेला स्त्री-चित्रकारांचा गट दोजिन्शी काढणारे मंडळ म्हणूनच सुरू झाला. तरी ही सवलत म्हणजे हक्क नव्हे. १९९९ साली ‘पोकेमॉन’च्या पात्रांवर अश्लील पुस्तिका काढणाऱ्या एका स्त्रीस अटक झाली होती. २०१८च्या अखेरीस कायदा बदलून काही प्रकारच्या भंगांवर तक्रारीवाचूनही कारवाई शक्य झाली, तेव्हा या चाहत्यांच्या पुस्तिका त्या कक्षेबाहेर राहतील अशी तजवीज केली गेली. अलिखित समजुतीवर एवढा मोठा व्यवहार पन्नास वर्षे चालावा, हे आमच्यासारख्या नियमपुस्तिकेत वाढलेल्या माणसास नवलाचे वाटले.

अश्लीलतेचा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. प्रौढांसाठीचे साहित्य तेथे आहे, पुष्कळ आहे, आणि त्यातील काही पाहून आमच्या दोघांच्याही माना खाली गेल्या. १९८९ साली मुलींच्या हत्यांच्या एका भीषण प्रकरणानंतर या चाहत्यांकडे सारा समाजच संशयाने पाहू लागला. १९९१ साली नियोजित प्रदर्शनगृहाने जागा नाकारली आणि मेळावा ऐनवेळी जुन्या जागी हलवावा लागला. त्यानंतर समितीने मांडल्या जाणाऱ्या पुस्तिकांचे नमुने तपासण्याची व्यवस्था कडक केली. आजही प्रत्येक मंडळ सकाळी आपल्या नव्या पुस्तिकेची एक प्रत समितीस देते. कायद्याच्या मर्यादा ओलांडल्या असतील तर विक्री थांबते. एरवी अभिरुचीच्या कारणाने कोणालाही उठविले जात नाही. आमच्या मते या व्यवस्थेत एक उणीव उरतेच. स्त्रीदेहाचे जे चित्रण आम्ही काही टेबलांवर पाहिले, त्याला कायद्याने मना नसली तरी त्याला कोणीतरी प्रश्न विचारावयास हवा होता. बंदी नको, पण मौनही नको.

येथेच कॉमिकेटविषयी आमचा मुख्य आक्षेप येतो. ज्या मेळाव्याचा जन्म टीकेच्या हक्कासाठी झाला, त्यात आज टीका फार थोडी ऐकू येते. सर्व सहभागी परस्परांशी इतक्या सौजन्याने वागतात की, “तुझी ही कथा फसली आहे” असे तेथे कोणी कोणास म्हणताना आम्हांस आढळले नाही. सौजन्य ही मोठी गोष्ट आहे. पण समानधर्म्याचे काम केवळ मान डोलावणे नव्हे. आपल्या संमेलनात टीका पुष्कळ होते, परंतु ती अध्यक्षनिवडीवर, मानधनावर आणि भोजनव्यवस्थेवर. त्यांच्याकडे पुस्तिका आहेत, टीका नाही. आपल्याकडे टीका आहे, पुस्तिका नाहीत.

‘समीक्षा आणि माहिती’ असा एक विभाग मात्र कॉमिकेटात आहे, आणि तो कथा-पात्रांच्या झगमगाटापासून थोडा बाजूस असतो. तेथे लोकांनी स्वतःच्या छंदांवर लिहिलेल्या पुस्तिका होत्या: रेल्वेची जुनी वेळापत्रके, गावोगावचे पूल, बोगदे. एका गृहस्थाने धरणांवर पुस्तिका काढली होती. सांडव्यांचे प्रकार, दरवाज्यांची रचना, कोणत्या ऋतूत विसर्ग पाहावा, हे सारे स्वतः फिरून, छायाचित्रे काढून लिहिलेले. आमची सेवा जलसंसाधन विभागात झाली. भाषा येत नसूनही त्या पुस्तिकेतील प्रत्येक आकृती आम्ही वाचू शकलो. कन्येमार्फत त्यास आम्ही चंबळवरील गांधीसागर धरणाचे नाव सांगितले. त्याने ते लगेच वहीत लिहून घेतले आणि विचारले, त्या धरणावर आपल्या भाषेत कोणी अशी पुस्तिका लिहिली आहे काय?

हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो, कारण तो केवळ धरणाचा नाही. होळकरशाहीतील वाड्यांची रचना, माळव्याच्या हवेत बदललेली आमची मराठी, आजीच्या स्वयंपाकात शिरलेले दाल-बाफले, गिरण्या बंद पडल्यावर पांगलेली आळी, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आपल्या सभासदांच्या यादीत आहेत. ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव येथेही असेच असणार. ही माणसे संमेलनास येतात, दुसऱ्या रांगेत बसतात, टाळ्या वाजवितात आणि त्यांच्याजवळचे ज्ञान त्यांच्याबरोबर घरी परत जाते. तरुण येत नाहीत अशी तक्रार आपण प्रत्येक वार्षिक सभेत करतो. परंतु त्यांनी येऊन काय करावे, याचे ‘ऐकावे’ याखेरीज उत्तर आपल्यापाशी नाही. त्याच तरुणांनी घरी वहीत चित्रे काढली आहेत, भ्रमणध्वनीवर कथा लिहिल्या आहेत. आपण त्यांना अर्धे टेबल दिले नाही.

असे काही आपल्या परंपरेस परके आहे असेही नाही. साठच्या दशकात अशोक शहाणे यांनी ‘असो’ काढले, नेमाड्यांनी ‘वाचा’ काढले, त्याआधी ‘शब्द’ निघाले होते. चक्रमुद्रित, हाताने शिवलेली, हातोहात फिरणारी ती लघुनियतकालिके मराठीतील दोजिन्शीच होत. त्यांत लिहिणाऱ्यांपैकी काहींना पुढे व्यासपीठ मिळाले, काहींनी ते नाकारले. पण टेबलांचे दालन त्यांना कोणी बांधून दिले नाही, आणि म्हणून ती चळवळ थोड्या वर्षांत ओसरली. महाविद्यालयांतील हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके यांची गतही तीच झाली. प्रेरणा आपल्याकडे होती, तिला वर्षातून दोनदा ठरल्या दिवशी भेटण्याची जागा नव्हती. योनेझावांनी पंचवीसहून अधिक वर्षे जे सांभाळले ते हेच: ठरलेला दिवस आणि सर्वांना सारखी जागा.

म्हणून आमची कार्यकारिणीस सूचना आहे. आगामी वार्षिक अधिवेशनाच्या दोन दिवसांपैकी एक दिवस व्यासपीठ मांडू नये. सभागृहात टेबले लावावीत, प्रत्येकास अर्धे. वयाची, शिक्षणाची, पूर्वप्रसिद्धीची अट नसावी. अट एकच: निदान बारा पानांची, स्वतः लिहिलेली वा चितारलेली, शिवलेली पुस्तिका सोबत आणावी. जागेपेक्षा अर्ज अधिक आल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात. प्रत्येक पुस्तिकेची एक प्रत संस्थेच्या ग्रंथालयात नोंदवून ठेवावी. आणि कॉमिकेटाची उणीव आपण भरून काढावी: एक टेबल टीकेसाठी राखावे, जेथे बसलेला माणूस कोणत्याही पुस्तिकेवर लेखी अभिप्राय देईल, स्वतःचे नाव घालून, लेखकाच्या समोर.

आम्ही स्वतः चंबळच्या कालव्यांवर एक पुस्तिका लिहावयास घेतली आहे. पाण्याच्या पाळ्या कशा ठरत, शेवटच्या शेतापर्यंत पाणी का पोहोचत नसे आणि शेतकरी त्यावर काय बोलत, हे तीत असेल. टीकेच्या टेबलावर बसण्याचे स्नेह्यांनी मान्य केले आहे. पुस्तिकेतील भाषेची गय करणार नाही, असे त्यांनी आताच बजाविले आहे.